भिंतीवरचा गाळ

पूर ओसरला की आधी फोटोवाले येतात, मग पंचनामेवाले, आणि सगळे विसरले की आम्ही येतो. जुने पूर मोजणारे. भीमा पूर्वी किती चढली होती हे कळलं तर पुढं किती चढेल याचा अंदाज बांधता येतो, एवढंच माझं काम. निम्मं आयुष्य चिखल खरवडण्यात गेलं. आता कंटाळा आलाय, पण दुसरं काही येत नाही.

एप्रिलमध्ये अक्कलकोटच्या दक्षिणेला, भीमेकाठच्या एका वस्तीवर काम चालू होतं. सोलापूरहून जीपनं जायचं, ऊन तापायच्या आत उरकायचं आणि परत. या वस्तीची एक रीत माझ्या फार सोयीची. पूर ओसरल्यावर घरात साचलेला गाळ तिथं फेकून देत नाहीत. पाणी भिंतीवर जिथवर चढलं, तिथवर तोच गाळ लिंपतात. नदी घरी येऊन गेली, तिचा मान. असे थरावर थर बसत जातात, आणि भिंतीचा एक टवका काढला की कितीतरी पूर एकदम हाती लागतात.

पार्वतम्माची भिंत सगळ्यांत जुनी. सून मागेच वारली, मुलगा ट्रकवर. घरात ती आणि नात अक्षता, दोघीच. माझ्या मोजणीवरून पूररेषा ठरणार होती. ज्या घरात पाणी कंबरेपर्यंत चढलेलं, त्याला वर माळावर प्लॉट. बाकीच्यांनी आहे तिथंच राहायचं.

"पुरात लेकराला कडंवर घिऊन रातभर हुबं ऱ्हायाचं माज्यानं आता होत न्हाय मॅडम," ती म्हणायची. "तेवढं बगा की."

बघून काय करणार? तिच्या भिंतीवर गुडघ्याच्या वर एकही थर नव्हता.

एका सकाळी गेले तर कंबरेच्याही वर नवा थर.

"हा कधीचा पूर?"

"सासूबाईच्या काळातला."

मी बोट लावलं. बोटाला ओला गाळ आला. तिनं हात पाठीमागं घेतले. मग म्हणाली, "काल लावलं. नदीतनंच आनलं हुतं. चुकलं माजं."

मला हसू आलं आणि कीवही आली. खोटं बोलायचं तर निदान वाळवून तरी बोलायचं. पण दारात उभ्या शेजारच्या अंबुबाईचा चेहरा पांढरा पडला होता. "नदीला पान वाढून ठिवलंस की गं," ती पार्वतम्माला म्हणाली. "आता येनारच ती जेवायला."

भिंतीचे नमुने घेताना मी त्याही थराचा घेतला. मातीच्या कणांनी शेवटचं ऊन कधी पाहिलं, हे आमच्या तपासणीत कळतं. खोटा थर कसा दिसतो तेही पाहून घ्यावं म्हटलं.

मे महिन्यात तौहीदचा फोन आला. प्रयोगशाळा तोच सांभाळतो.

"मॅडम, बाकीचे नमुने व्यवस्थित आहेत. एकाचं, सगळ्यांत वरच्या थराचं, वय उणे येतंय."

"ताज्या मातीत येतं थोडंफार."

"थोडंफार नाही. पुन्हा पुन्हा केलं. दरवेळी तेवढंच."

"म्हणजे काय?"

"म्हणजे या मातीनं शेवटचं ऊन अजून पाहायचंय." तो हसला नाही.

मशीन दुरुस्तीला टाक, असं सांगून मी फोन ठेवला.

अहवालात खोटा थर धरला नाही. पार्वतम्माचं घर रेषेबाहेर गेलं, म्हणजे प्लॉट नाही. हे तिला कागदातून कळू नये, म्हणून सांगायला मीच गेले. बाहेर उन्हानं डांबर वितळत होतं. तिच्या घरात मात्र गारठा होता. थर अजून ओलाच.

आणि चढलेला. पार पत्र्यापर्यंत.

"पार्वतम्मा, पुन्हा?"

"मी हात लावला न्हाय. लेकराची शपत."

मी घाबरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दुसरं काही सुचेना म्हणून टेप काढला आणि स्टुलावर चढले.

वरच्या गाळात बोटं उमटली होती. लहान.

"अक्षतानं केलं असेल."

"ती कशी लावंल? घरातली थोरली बाई जित्ती हाय तवर दुसरीचा हात लागत न्हाय ह्याला."

बोलून झालं आणि तिनं स्वतःच्या हातांकडं पाहिलं.

अक्षता दारात कलिंगडाची फोड खात होती. मी तिला उचलून वर धरलं. तिनं आपणहून तळवा भिंतीला टेकवला.

बरोबर बसला.

मी तिला खाली ठेवलं. "रेषा बदलते," मी म्हणाले. "आजच. तुम्हाला प्लॉट मिळेल."

"कवा?"

"पावसाळा झाल्यावर." माझं मलाच ऐकवेना. "तोवर सोलापूरला चला, माझ्या घरी."

तिचं लक्ष नव्हतं. ती भिंतीजवळ गेली. वरपासून खालपर्यंत एकेक बोट नीट पाहिलं. सगळी लहान. मग पदरानं नातीचं तोंड पुसलं.

"असू द्या मॅडम," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज मोकळा लागला होता. "ही जगती म्हंजे."