डभोईला नेलेलं तूप

जुन्या वेशी, पायऱ्यांच्या विहिरी आणि देवळं बघत हिंडायचं अनुपला वेड होतं. ईशानीची पंचाईत अशी, की ते सगळं त्याने आधी नीराबरोबर पाहिलेलं. चांपानेरला गेलं की नीरा कुठल्या पायरीवर बसली होती ते ऐकायचं, पावागडावर तिची चप्पल कुठे तुटली ते ऐकायचं. बरं, नीरा जिवंत असती तर दोन हात तरी करता आले असते. मेलेल्या सवतीशी भांडणार कसं? लग्नाला वर्ष होत आलं, तरी ईशानी तिच्यावर मनापासून जळत होती.

डभोई मात्र उरली होती. अनुपच्या घराण्याची रीत होती, नव्या सुनेने तिथल्या हिराभागोळीत, म्हणजे जुन्या वेशीत, दगडाच्या फटीतून तूप सोडायचं आणि उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं. वेस बांधणाऱ्या कारागिराला तिथेच जिवंत चिणलं आणि कुणी मायेचं माणूस फटीतून तूप सोडून त्याला जगवत राहिलं, अशी दंतकथा. नीराचं जाणं ठरलं की मोडायचं. मग दुखणं आलं आणि ते राहूनच गेलं.

"तिला फार हौस होती," अनुप म्हणाला, आणि खरं सांगायचं तर ईशानीला आनंदच झाला. जागा तिची एकटीची, गाडीही नवी. या गाडीत नीरा कधी बसली नव्हती.

बडोद्याहून निघायच्या घाईत हाताला आली त्या स्टीलच्या डबीत तिने तूप भरलं.

वेशीत दुपारचंही अंधारून आल्यासारखं होतं. पाकोळ्यांचा उग्र वास कोंदलेला. अनुप कॅमेरा घेऊन बाहेरच्या कोरीवकामाकडे गेला. ईशानीला फट सापडली, जेमतेम बोटं जातील एवढी. आतून गार हवा येत होती, आणि त्या हवेला नुकत्याच कढवलेल्या तुपाचा वास होता. डबी तर तिने अजून उघडलीही नव्हती.

तिने तूप सोडलं आणि रात्रभर जुळवलेला उखाणा घेतला:

"दगडाच्या फटीत सोडते तुपाची धार,
अनुपरावांच्या घरात आता माझाच कारभार."

'माझाच'वर तिने चांगला जोर दिला. मग आतून आवाज आला... कुणीतरी सावकाश बोटं चाटत असल्यासारखा. ईशानीच्या हातातली डबी खाली पडून उपडी झाली. बुडावर, भांड्यांवर कोरतात तसं, नाव कोरलेलं होतं: सौ. नीरा.

तूप कुणाच्या नावाचं आणलं, ते तिला तेव्हा कळलं. डबी तिथेच टाकून ती जवळजवळ पळतच गाडीत जाऊन बसली. अनुपला काही सांगितलं नाही. काय सांगणार?

परतीला ऊन उतरलं होतं. डभोई मागे पडली, तसा अनुप खुशीत म्हणाला, "पहिल्यापेक्षा दुसरा छान होता हं."

"दुसरा काय?"

"उखाणा. मला बाहेर ऐकू आला ना." आणि त्याने तो म्हणून दाखवला:

"हौस डभोईची होती, झाली आज पुरी,
अनुपरावांच्या मागच्या सीटवर बसून येते घरी."

ईशानी त्याच्याकडे वळली. "मी... एकच घेतला."

तेवढ्यात गाडी टिकटिक वाजायला लागली. मागे बसलेल्या माणसाने पट्टा लावला नाही की वाजते, तशी.

"मागे सामान ठेवलंयस का?"

मागे काहीच नव्हतं. अनुपने गाडी कडेला घेतली, मागचं दार उघडून रिकाम्या सीटचा पट्टा अडकवला, आणि आवाज बंद झाला. ईशानीने मान वळवून पाहिलं. पट्टा सैल पडायला हवा होता. तो पुढे ताणला गेला होता, आणि अगदी हळू, श्वासाबरोबर व्हावा तसा, वरखाली होत होता.

अनुप येऊन बसला. त्याने गाडी सुरू केली आणि कधी नव्हे इतक्या मायेने विचारलं, "बसलीस ना नीट?"

ईशानी त्याच्या शेजारी होती. तो आरशात बघून विचारत होता.