तिसऱ्या हाकेची ओ

दिवा जरा तुमच्याकडे सरकवा. बोलताना समोरच्याचं तोंड मला नीट दिसावं लागतं. का, ते ऐकाल तेव्हा कळेल.

नातीसाठी थंडीचे कपडे घ्यायला आम्ही दोघी ठाण्याला गेलो होतो. कल्पिता, माझ्या देवेशची मुलगी, डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला. मेंदूची ऑपरेशनं करतात त्या विभागात इंटर्नशिप करायला तिला पोलंडला बोलावलं होतं. शिक्षण संपत आलेल्या मुलांनाच घेतात, आणि तिच्या कॉलेजातून ती एकटीच निवडली गेली. देवेश म्हणाला, एवढ्या लांब कशाला. मी म्हटलं, तू आपलं बाळकुम गाव सोडलं नाहीस म्हणून तिनेही इथेच कुजायचं का? मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. अक्षरं पोरांच्या पाट्यांवरून उचलली. तरी मेंदूचा कुठला भाग काय करतो, हे ती समजावायची तेव्हा तिच्या बापाआधी मला कळायचं.

दुकानात ती पार टोकाला स्वेटर बघत होती. मी हाक मारली, "कल्पे गो..." तिने मान वर केली नाही. दुसरी मारली. तरी नाही. तिसरीला खणखणीत ओ आली. दुकानदार हसला, पोरगी बहिरी आहे का आजी, म्हणाला. मी म्हटलं, बहिरी नाही, वळण लावलेली आहे.

आमच्या घरात तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नाहीत. आम्ही मिठागरावरची माणसं. आता तिथे टॉवर आहेत, पण माझ्या लहानपणी खाडीला लागून मिठाचे वाफेच वाफे होते. अंधारून आलं की त्या बाजूने नाव घेऊन हाक यायची, ओळखीच्या आवाजात. पण एकदाच. जे बोलावतं त्याला दुसरी हाक मारता येत नाही. तीनदा मारतो तो माणूस.

माझी धाकटी बहीण बायजा. दोघींचा आवाज इतका सारखा की आई फसायची. एका दिवेलागणीला बांधावरून परतताना ती मध्येच "ओ" म्हणाली. मला काही ऐकू आलं नव्हतं. बांध उतरून ती पाण्याकडे निघाली, घाईने, पदर सावरत, कुणी चहाला बोलवावं तशी. मी ओरडत राहिले. सकाळी ओहोटीला सापडली. उजवी मूठ मिटलेली होती. उघडली तर आत मीठ. रात्रभर पाण्यात राहिलेल्या मुठीत कोरडं, फडफडीत मीठ.

कल्पिता हे ऐकत वाढली. हसायची, पण नियम पाळायची.

तिकडे गेल्यावर ती रोज व्हिडिओवर दिसायची. तिची दुपार असायची आणि माझी दिवे लावायची वेळ. खिडकीबाहेर बर्फ. वसतिगृहामागे नदी होती, तीही गोठलेली. "आजी, तुझं मिठागर असंच दिसायचं का गं?" असं तिने विचारलेलं. मला ते आवडलं नव्हतं.

मग एक दिवस ती गप्प गप्प होती. खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. एका म्हाताऱ्या बाईचं ऑपरेशन झालं, जागेपणी. कवटी उघडतात, पण मेंदूला दुखत नाही. बाईला बोलतं ठेवायचं, म्हणजे बोलण्याची जागा कुठली ते सर्जनला समजतं. तिथली एक डॉक्टरीण चित्रं दाखवत होती, बाई त्यांच्या भाषेत नावं सांगत होती. कल्पिताला हिरव्या कापडाखाली बसून बाईचा हात धरायला सांगितलेलं. पकड सैल झाली तर कळवायचं.

"मध्येच ती बोलायची थांबली. मग तिने मला हाक मारली. कल्पे गो म्हणून."

हे नाव फक्त माझ्या तोंडचं आहे. बाकी कोणी तिला तसं म्हणत नाही.

"किती वेळा?" मी विचारलं.

"एकदा."

"आणि तू?"

"पेशंटने बोलावलं तर उत्तर द्यायचं, त्यासाठीच तर मला बसवलेलं. मी ओ दिली, आजी... आवाज तुझाच होता."

दिव्यासाठी ओढलेली काडी माझ्या बोटापर्यंत जळत आली. ती बाई बरी आहे, असं कल्पिताने सांगितलं. हिंडते, खाते, हसते. फक्त आवाज गेला. बोलण्याच्या जागेला कोणी हातसुद्धा लावला नव्हता, डॉक्टर चक्रावलेत.

"तुझा हात दाखव," मी म्हटलं.

तिने उजवा हात वर केला. मूठ मिटलेली होती. बाईने फार घट्ट धरलेलं, आखडलाय, उघडत नाही, म्हणाली. मग हळूच म्हणाली, "काल मी नदीपर्यंत गेले होते. बर्फावर पाय ठेवला तेव्हा भानावर आले. का गेले, ते आठवत नाही..."

देवेशने तिला खोलीतून बाहेर पडू नको म्हणून बजावलं, परतीचं तिकीट शोधायला बसला. शोधू दे. विमानाने येईपर्यंत नदी थांबणार होती का? आमच्यात याला एकच उतारा. बोलावणं कुठेही पोचो, मुळात जिथून निघतं त्या जागी उभं राहून घरच्याने तीन हाका मारायच्या, आणि ज्याला बोलावलं त्याने तिसरीला स्वतःच्या तोंडाने ओ द्यायची. बायजासाठी कोणी मारल्या नाहीत, कारण सापडली तेव्हा ओ द्यायला ती उरलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी देवेशला घेऊन टॉवरच्या फाटकावर गेले. वॉचमनने फ्लॅट नंबर विचारला. मी म्हटलं, तू उभा आहेस तिथे माझ्या बापाने मीठ ओढलंय, बाजूला हो. बायजा बांध उतरली ती जागा आता पाहुण्यांच्या गाड्यांची आहे. खाली फरशी, वर सिमेंट, तरी खाडीचा वास होता. उग्र, खारा, कुजका.

देवेशने फोन धरला. पडद्यावर कल्पिता होती. ओठ सुकलेले, मूठ छातीशी. मी तिला म्हटलं, पहिल्या दोन हाका सोड, तिसरी तुझी.

"कल्पे गो..."

ती हलली नाही. डोळ्यांत पाणी आलं.

"कल्पे गो..."

कुठेतरी गाडीचा अलार्म वाजून बंद पडला. मग इतकं शांत झालं की देवेशचा श्वास ऐकू येत होता.

"कल्पे गो..."

"ओ."

स्वच्छ, खणखणीत. देवेश रडायलाच लागला. पडद्यावर तिची मूठ सुटली, तिने पंजा उघडून दाखवला, रिकामा. हसली.

पण मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ओ आली तेव्हा तिचे ओठ मिटलेले होते.

घरी येताना देवेशला हे सांगितलं. तो म्हणाला, नेटवर्क असतं गं आई, आवाज आधी येतो आणि चित्र मागून. मी ते मानलं. मानावंसं वाटलं.

कल्पिता परत आली. नदीकडे पुन्हा गेली नाही. आता इथे ठाण्याच्या हॉस्पिटलात वॉर्डात काम करते. सगळे नावाजतात. घाबरलेला पेशंट असला की तिलाच हात धरायला बसवतात म्हणे. घरात सगळं पूर्वीसारखं आहे. दोन हाका सोडते, तिसरीला ओ देते.

काल दुपारी ती माझ्यासमोर जेवायला बसली होती. वालाची उसळ, भाकरी. मीठ मागून घेतलं. मी दोन हाका मारल्या, सहज. ती खाली मान घालून जेवत होती. मोठा घास तिने तोंडात घातला, गाल फुगले, आणि मी तिसरी मारली.

ओ आली. लगेच, स्वच्छ.

ती घास चावत होती. चावून झाल्यावर गिळला, आणि तेव्हा कुठे माझ्याकडे बघून तिने विचारलं, "आजी, हाक मारलीस का?"

त्या ओचा आवाज मी ओळखते. माझाच आहे, असं कोणीही म्हणेल. आईसुद्धा फसली असती.