उलटे बसलेले पट्टे

डिसेंबर लागला की इवाओच्या शेडमध्ये एकच काम. गाड्यांची चाकं उतरवायची आणि त्या जागी बर्फावर चालणारे रबरी पट्टे चढवायचे. त्या खोऱ्यात छोटी पांढरी मालवाहू गाडी घरटी एक. पण वर ओकुनासेच्या वाडीला रसद पोचवणारी गाडी मात्र गेन्ताचीच. बर्फ साफ करणारा सरकारी नांगर नदीकाठच्या मोठ्या रस्त्यावरून फिरतो आणि परत जातो, वाडीच्या चढाला तो कधी हात लावत नाही. वर सगळी म्हातारी माणसं. त्यांचं रॉकेल, त्यांची औषधं, सगळं गेन्ताच्या भरवशावर, आणि गेन्ता इवाओच्या पट्ट्यांच्या भरवशावर.

त्या दिवशी दुपारी गेन्ता आला तो गाडी सरळ आत घालून. दरवर्षी तो मागे मागे घेत आत यायचा, म्हणजे गाडीचं नाक दाराकडे राहायचं.

"आज अशी का रे घातलीस?" इवाओने विचारलं.

"मागची बाजू दाराशी असली की डबे भरायला सोपं जातं, उस्ताद. पाठ धरलीय माझी."

"चाळिशी नाही गाठलीस अजून, आणि पाठ धरली म्हणे."

दोघे हसले. शेगडीवर केटली होती, बाहेर बर्फ निवांत पडत होता. इवाओने जॅक लावला, चाकं उतरवली, तिकोनी सांगाडे बसवले आणि चारही पट्टे जमिनीवर मांडले. पट्ट्यावर बाणासारखे दात असतात. बाणाचं टोक गाडीच्या नाकाकडे हवं. तसं असलं तर दात बर्फ बाहेर फेकतात. उलटं बसलं तर बर्फ आत कोंबला जातो, आणि मग चढावर गाडी कुठे दगा देईल ते सांगता येत नाही. इवाओची मांडायची रीत ठरलेली होती, बाणाची टोकं दाराकडे. इतक्या वर्षांत हाताला सवयच पडली होती. त्या दिवशीही हातांनी तेच केलं.

"एकदा बघून घ्या हं, उस्ताद," गेन्ता चहा फुंकत म्हणाला. "नाहीतर किसाबुरोकाकांसारखं व्हायचं."

इवाओ गाडीखालून खदखदून हसला. किसाबुरोने एका हिवाळ्यात स्वतःच्या गाडीला स्वतःच पट्टे चढवले होते, ते उलटे. पैसे वाचवायला गेला आणि सगळ्या गावासमोर देवळाच्या उतारावरून मागच्या मागे घसरत आला. 'उलटा किसाबुरो' हे नाव इवाओनेच ठेवलेलं. आता पोस्टमनसुद्धा तेच म्हणायचा. किसाबुरो बिचारा हसून साजरं करायचा.

"माझ्या हातून तसं झालं ना," इवाओ म्हणाला, "तर त्या दिवशी शेडला कुलूप."

बोलायला काय, जिभेला हाड नसतं.

गेन्ता गेला. गाडी मागे घेतली, वळवली आणि चढाच्या वाटेला लावली. इवाओ झाडू घेऊन अंगणातला बर्फ लोटत रस्त्यापर्यंत गेला. तिथे त्याची नजर सहज ठशांवर पडली. गाडी वर गेली होती. ठशातल्या बाणांची टोकं खाली होती.

तो तसाच उभा राहिला. झाडूवर बर्फ साचत गेला.

त्या खोऱ्यात पोरासोरांनाही ठाऊक असतं, उलटं असतं ते मेलेल्याचं. जिवंत माणसाच्या किमोनोची डावी बाजू वर, प्रेताच्या किमोनोची उजवी. प्रेताच्या उशाशी पडदा ठेवायचा तो वरचा खाली करून. अंघोळ घालायची तर आधी गार पाणी, मग त्यात गरम. मेलेल्यासाठी सगळं अपसव्य. घरातलं काही चुकून उलटं झालं तर बायका लगेच सुलट करतात, न जाणो कुठल्या मेलेल्याला ते आपलं वाटायचं. इवाओ असलं काही मानणारा नव्हता. पण या पट्ट्यांनी चढावर गाडी घसरते, हे तर मानण्या-न मानण्याचं नव्हतं.

फोन खिशातच होता. 'गेन्ता, फिर मागे, माझ्या हातून पट्टे उलटे बसलेत.' एवढंच बोलायचं होतं. पण गेन्ताच्या पोटात गोष्ट राहत नाही. रात्रीपर्यंत गावभर झाली असती, उद्या किसाबुरोच्या कानावर गेली असती. तो काही म्हणाला नसता, नुसता हसला असता. त्या हसण्याच्या कल्पनेनेच इवाओच्या कानशिलांना आग लागली. त्याने मनाशी ठरवलं, पोरगा सराईत आहे, पोचेल. उद्या खाली आला की म्हणू, बोल्ट आवळायचे राहिलेत, गाडी सोड. गुपचूप फिरवून टाकू. लाज अशीच असते बघा. चूक करताना माणसाला विचारत नाही, आणि निस्तरताना मात्र हात धरून बसते.

फोन गेन्तानेच केला.

"उस्ताद, गाडी ओढत नाहीये. मागे काही ठेवलंत का तुम्ही?"

"नाही."

"जड झालीय. माणसं बसवल्यासारखी."

हीच वेळ होती. इवाओच्या ओठांवर आलं होतं.

"नवं रबर आहे," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी असंच करतं. दमाने घे."

"तुम्ही म्हणताय म्हणजे बरोबरच असणार," गेन्ता म्हणाला.

वारा सुटला. बघता बघता समोरचं देवदाराचं झाड दिसेनासं झालं. शेडचा पत्रा एकसारखा थडथडत होता, आणि रबराचा वास नेहमीपेक्षा उग्र येत होता. इवाओ शेगडीजवळ फोन हातात धरून बसला. नंबर काढायचा, ठेवून द्यायचा. मग तो परत वाजला.

"उस्ताद…" गेन्ता अगदी हळू बोलत होता. "शिरानुमाच्या वळणावर आहे मी."

शिरानुमात कोणी राहत नाही. कड्यावरचा बर्फ कोसळून ती वस्ती गाडली गेली, तेव्हा इवाओचे वडील लहान होते. आता तिथे नुसती थडगी.

"इथे माणसं उभी आहेत. कडेला, ओळीने. हात करतायत… थांब म्हणून."

"कुठली माणसं?"

"ओळखीची नाहीत. एवढ्या थंडीत अंगावर नुसते पातळ किमोनो. एक म्हातारी पुढे आलीय. आमची गाडी आली म्हणते…" मग गेन्ता नुसता श्वास घेत राहिला. "उस्ताद, हिच्या गळ्याशी उजवी बाजू वर आहे."

इवाओने तोंड उघडलं. पळ म्हणायचं होतं. पट्टे उलटे आहेत, त्यांना ती आपली गाडी वाटतेय, चूक माझी आहे, सगळं म्हणायचं होतं. आवाज फुटेना. आता सांगायचं म्हणजे मघाशी खोटं बोललो हेही सांगायचं. पोरगा तिकडे जिवाच्या भीतीने कुजबुजत होता आणि हा इथे आपलं नाव सांभाळत बसला होता. हे त्याचं त्यालाच कळलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फोनमध्ये नुसता वारा वाजत होता. मग गेन्ता बोलला, पण फोनमध्ये नाही, बाजूला वळून, कोणाशी तरी.

"अरे… तुम्ही? या ना. बसा."

दार लावल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

चारच वाजले होते, तरी अंधारून आलं होतं. ओकुनासेहून निरोप आला की गेन्ता पोचलेला नाही. गावच्या अग्निशमन दलाची माणसं स्नोमोबाइल घेऊन इवाओच्या शेडपाशी जमली. पुढे दलाचा प्रमुख हिसामात्सु, थोडकं बोलणारा माणूस. मागे दोन तरुण आणि किसाबुरो. वाऱ्याने वरचा भुसभुशीत बर्फ उडवून नेला होता आणि पट्ट्यांनी दाबलेले ठसे उठून दिसत होते. हिसामात्सुने बॅटरी टाकली.

"टोकं खाली आहेत," तो म्हणाला. "म्हणजे पोरगा त्याच चाकोरीतून परत फिरला, जातानाचे ठसे पुसले गेले. मोठ्या रस्त्याला लागला आणि पुढे नदीच्या वळणावर गेला असणार."

"इवाओच्या हातचे पट्टे आहेत," किसाबुरो म्हणाला. "बाण खोटं बोलणार नाही."

टोमणा नव्हता तो. किसाबुरो मनापासून बोलला. इवाओने खाली पाहिलं आणि बांबू उचलून सगळ्यांबरोबर नदीकडे चालू लागला.

नदीच्या वळणावर सगळे ओळीने उभे राहून बर्फात बांबू खुपसू लागले. इवाओही खुपसत होता. इथे कोणी नाही, हे एकट्या त्यालाच ठाऊक होतं, आणि तरी दर वेळी तो बांबू नीट खोल घालत होता, हलवून बघत होता. देखावा चांगला झाला पाहिजे ना. स्वतःच्या हातांची त्याला किळस आली.

गेन्ताची बायको चियो थर्मास आणि भाताचे गोळे घेऊन आली. सगळ्यांना देऊन झाल्यावर ती इवाओपुढे कमरेत वाकली.

"उस्ताद, पट्टे तुम्ही बसवलेत म्हणून मला धीर आहे. दुसऱ्या कोणी बसवले असते तर मी घरात रडत बसले असते."

इवाओच्या हातातला भाताचा गोळा बर्फात पडला.

"पट्टे उलटे आहेत," तो म्हणाला. वाऱ्यात ऐकू गेलं नाही, म्हणून त्याला ते ओरडून सांगावं लागलं. "उलटे बसवलेत मी. गेन्ता वरच आहे, शिरानुमाच्या वळणावर. मला दुपारपासून माहीत आहे. फोन आला होता त्याचा. लाज वाटली म्हणून मी सांगितलं नाही."

बांबू जिथल्या तिथे थांबले. शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. चियो वाकलेली होती ती हळूच सरळ झाली, आणि तिने थर्मासचं झाकण लावलं. हिसामात्सु एवढंच म्हणाला, "वर चला."

किसाबुरोने आपली स्नोमोबाइल इवाओपाशी आणली. "बस मागे," तो म्हणाला. "होतं असं. माझं नव्हतं झालं?"

अख्खी वाट इवाओने मान वर केली नाही.

शिरानुमाच्या वळणावर गाडी उभी होती. दिवे चालू होते. पट्टे बर्फाने गच्च भरले होते, आणि मागचे पट्टे दरीच्या अगदी काठाला टेकले होते. डबे जिथल्या तिथे होते. आत गेन्ता स्टिअरिंग धरून बसलेला. जिवंत होता. बोटं निळी पडली होती, पण जिवंत होता. हिसामात्सुने त्याला घोंगडीत गुंडाळलं आणि गरम चहा पाजला. इवाओ पुढे झाला आणि त्याच्यासमोर बर्फात गुडघे टेकून बसला.

"गेन्ता, माझ्या हातून…"

गेन्ता त्याच्याकडे बघतच राहिला.

"तुम्ही परत कधी आलात, उस्ताद?"

"कुठून परत?"

"तुम्ही माझ्या शेजारी होतात ना. म्हातारी दिसली आणि तेवढ्यात तुम्ही दार उघडून बसलात." गेन्ताचा आवाज शांत होता, झोपेतून उठलेल्या माणसासारखा. "तोंड झाकलं होतंत दोन्ही हातांनी. हातांवरूनच ओळखलं मी, नखांत ग्रीस. सारखं तेच म्हणत होतात… पट्टे उलटे बसलेत, गेन्ता. फिर मागे. मला सांगायला लाज वाटली. मी म्हटलं, उस्ताद, असू दे, हात काढा. तर म्हणालात, तोंड दाखवायला जागा नाही रे मला."

"इवाओ तर सबंध वेळ खालीच होता," किसाबुरो हळू म्हणाला.

गेन्ताने ते ऐकलं की नाही कोण जाणे. "गाडी मागे घसरायला लागली होती. ती माणसं मागे बसली होती, ती सगळी उतरली. म्हातारी माझ्या काचेशी आली. म्हणाली, तू राहा, बाळा. आम्हाला एक पुरे. आणि तुम्हाला हाताला धरून घेऊन गेली… तिकडे." त्याने थडग्यांच्या बाजूला पाहिलं. "तुम्ही गेलात. मुकाट्याने गेलात. मी हाका मारल्या, उस्ताद."

बाकीचे एकमेकांकडे बघत नव्हते. एका तरुणाने उगाच बॅटरी थडग्यांकडे फिरवली आणि लगेच विझवली.

"उतरायचं," हिसामात्सु म्हणाला. "रांगेत या."

डोंगरातून खाली निघताना दलाची माणसं ओळीत उभी राहतात आणि एकेक जण आपला आकडा म्हणतो. कोणी मागे राहायला नको म्हणून. हिसामात्सुच्या समोर पाच जण उभे होते, ते दोन तरुण, मग इवाओ, मग किसाबुरो आणि शेवटी घोंगडीतला गेन्ता.

"एक," पहिला म्हणाला.

"दोन."

"तीन," इवाओ म्हणाला.

"तीन," किसाबुरो म्हणाला.

"चार," गेन्ता म्हणाला.

"बरोबर. सगळे आले," हिसामात्सु म्हणाला, आणि वळून इंजिन चालू करायला गेला. किसाबुरो इवाओच्या अंगाला घासून पुढे गेला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. रिकाम्या जागेतून माणूस जातो, तसा गेला.

इवाओने घसा खाकरला आणि पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, म्हटलं, "तीन."