वॉरेनचं कोडं

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. मला ती फक्त लिहून ठेवायची आहे. का, ते शेवटी कळेल.

बोरीवलीतलं आमचं घर. रविवारची भर दुपार. खाली सोसायटीत पोरांचं क्रिकेट चालू होतं.

अशा वेळी कोण घाबरणार?

माझा धाकटा भाऊ सौरभ गेम बनवायच्या स्पर्धेत उतरला होता. शुक्रवारी विषय मिळतो आणि रविवारी संध्याकाळी सहाच्या आत अख्खा गेम तयार करून पाठवायचा. जिंकला तर पवईच्या एका कंपनीत नोकरी. घरी बसून कंटाळलेल्या पोराला आणखी काय हवं?

आधी तो आणि वाकोल्याचा वॉरेन जोडीने या स्पर्धा करायचे. डोकं वॉरेनचं, हात सौरभचे. वॉरेनचा एकच नियम. "नसलं तरी चालतं ना? मग उडव." रंग उडव, गाणं उडव, सूचना उडव. उरेल ते खरं कोडं.

तयार गेम वॉरेन मला खेळायला द्यायचा आणि मागे उभा राहायचा. खेळणाऱ्याला काही सांगायचं नाही, हा त्यांचा कायदा. पण मी चुकले की त्याच्या तोंडून निघायचंच... च्च.

गेल्या पावसाळ्यात वॉरेन काविळीने गेला.

"ताई, जरा खेळून बघ ना," सौरभ म्हणाला.

काळ्या स्क्रीनवर पांढरे चौकोन. एक ठिपका दारापर्यंत न्यायचा. ज्या चौकोनावरून पुढे जाल, तो पुसला जातो.

झकास होता. पण हे कोडं मी ओळखलं. वॉरेनने आमच्याच टेबलावर शर्टाची बटणं मांडून ते मला सोडवायला लावलं होतं.

"हे वॉरेनचं आहे ना रे?"

"तो येतोय का विचारायला?"

मला त्याचा राग आला. तेवढ्यात वॉरेनच्या बहिणीचा, ॲश्लीचा फोन आला. सौरभने गेमचा फोटो स्टेटसला टाकला होता, तो तिने पाहिला होता.

"सौरभ, कोडं माझ्या भावाचं आहे. शेवटी त्याचं नाव टाक, बस."

सौरभने फोन कापला. गेमच्या शेवटी फक्त स्वतःचं नाव टाकलं आणि हसला.

"वॉरेनचं नाव नसलं तरी चालतं ना? मग उडव."

...च्च.

आवाज अगदी मानेजवळून आला. आम्ही दोघांनी मागे पाहिलं.

कोणीच नव्हतं.

सौरभने गेम परत चालू केला. शेवटचं त्याचं नाव... गेलेलं. त्याने पुन्हा लिहिलं. पुन्हा गेलं.

"काहीतरी बग आहे यार," तो म्हणाला.

मग खालचं क्रिकेट ऐकू येईना. डोक्यावर पंखा फिरत होता... आवाज न करता.

"ताई, पाणी आण."

मी स्वयंपाकघरात गेले. ग्लास भरून आले.

खुर्ची... रिकामी.

स्क्रीनवर ठिपका आपोआप सरकत होता. मागचे चौकोन एकेक करून पुसले जात होते. पुढे दार नव्हतंच. शेवटी ठिपकाही गेला आणि अक्षरं उमटली. गेम पाठवला आहे. बनवणारा, वॉरेन.

मी आईकडे धावले. ती जेवणाची ताटं मांडत होती. चाराऐवजी तीनच.

"आई, सौरभ कुठे गेला?"

आईने माझ्याकडे पाहिलं.

"खंयचो सौरभ गो?"

सौरभ कोण, ते बाबांनाही ठाऊक नाही. राखीच्या फोटोत ओवाळणीचं ताट धरून मी एकटीच उभी आहे. ॲश्लीला फोन केला, तर ती म्हणाली, "वॉरेन नेहमी एकटाच गेम बनवायचा ना?"

सौरभ आता फक्त माझ्या डोक्यात उरलाय. माझा भाऊ चुकला, मान्य. पण एवढी शिक्षा?

म्हणून हे लिहितेय. मीही विसरायच्या आत.

तो उंच होता. बोलताना नाक खाजवायचा. त्याच्या गालावर तीळ होता. डाव्या गालावर.

...च्च.