चिऊची खाच

ताई त्या दुपारी प्रयोगशाळेत गेली ती एक साधं काम उरकायला. दुसऱ्या दिवशी मोठी मंडळी प्लाझ्मा बघायला येणार होती, त्याआधी यंत्र एकदा चालवून बघायचं, इतकंच. तळघरातली खोली. खिडकी नाही, पंपाची अखंड घरघर आणि तापलेल्या धुळीचा वास. मधोमध पोलादी पिंप, त्याला थाळीएवढी काच. आत समोरासमोर दोन चकत्या, आणि त्यांच्यामधल्या विरळ वायूला व्होल्टेज दिलं की जांभळा उजेड पेटायचा, तोच प्लाझ्मा.

आता उजेड पेटवणं कुणालाही जमतं हो, त्याला ताब्यात ठेवणं कठीण. व्होल्टेज सरळसोट वरखाली केलं तर तो मनाला येईल तिकडे चिकटतो. पण त्या चढउताराचा आकारच बदलला, टोक अणकुचीदार केलं, उतार लांबवला, तर तो सांगाल तिथे जाऊन बसतो. हा आकार पडद्यावर माउसने हातानेच काढायचा, आणि तो चिऊसारखा कुणाला जमत नव्हता. चिऊ म्हणजे ताईची धाकटी बहीण. डावखुरी. उताराच्या शेवटी तिच्या रेघेला हटकून एक बारीकशी खाच पडायची. सगळे हसायचे, पण ती खाच पुसली की उजेड फाटायचा.

चिऊ जाऊन वर्ष होत आलं होतं. थोडे दिवस ताप, आणि संपलं. ताई रडली, खोटं कशाला बोला. पण पोटातला जळफळाट काही चिऊबरोबर गेला नाही. प्रयोगशाळेचे सर अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला दारावर चिकटवलेलं, चिऊने काढलेल्या आकाराचं चित्र दाखवून म्हणायचे, "ही आमच्या चिऊची करामत." घरी आई वाढता वाढता डोळे पुसायची. "तिला हे फार आवडायचं गं." ताईला काय आवडतं, हे त्या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं.

आणि उद्या या पद्धतीला कुणाचं नाव द्यायचं ते ठरणार होतं. ताईने चिऊच्या आकारावर यंत्र चालवलं. उजेड चादरीसारखा सपाट पसरला. तिने दात आवळले, संगणकातून तो आकार पुसून टाकला, जपून ठेवलेली प्रतही पुसली, आणि व्होल्टेज शून्यावर आणलं.

उजेड त्याच क्षणी विझायला हवा. तो विझला नाही... चकत्या सोडून काचेपाशी आला. ताई डावीकडे सरकली, तोही डावीकडे सरकला. ती वाकली, तो खाली उतरला. खोलीत तापाच्या औषधाचा वास भरला, तोच कडवट, त्या दिवसांतला.

"चिऊ...?"

उजेड मिटला. दुसरी कुणी असती तर जिना गाठला असता. ताईला भीतीपेक्षा रागच जास्त आला.

"इथेही तूच का?" ती पुटपुटली. "मला एक तरी जागा सोड..."

ती बसली आणि स्वतःचा आकार काढू लागली. हात कधी नव्हे इतका सुरेख चालला. व्होल्टेज दिलं आणि उजेड असा एकसारखा पसरला, की ताई त्या तळघरात एकटीच हसली. जमलं होतं. तिचं स्वतःचं, कुणाचं उसनं नव्हे.

सर जिना उतरून आले. काचेतून बघून खूश झाले. "चिऊचाच आकार लावलास? शहाणी आहेस."

"माझा आहे, सर. आत्ताच काढला."

सरांनी दारावरचं चित्र काढून पडद्याशेजारी धरलं. रेघ न् रेघ तीच. शेवटची खाचसुद्धा.

"अशी थट्टा करू नये गं," ते हलकेच म्हणाले आणि वर निघून गेले.

ताईने खाली पाहिलं. माउस कीबोर्डच्या डाव्या बाजूला होता. त्यावर तिचा डावा हात होता. ताईने डाव्या हाताने आजवर साधी कात्रीसुद्धा धरली नव्हती.

घरी आईने ताट वाढलं. ताईने मुद्दाम उजव्या हाताने चमचा उचलला, तो गळून पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. मग डावा हात आपणहून पुढे आला आणि त्याने चमचा अलगद धरला.

आई बघत राहिली. घाबरली नाही. तिचा चेहरा हळूहळू उजळला, आणि तिने ताईच्या गालावरून हात फिरवला. असा हात तिने ताईच्या गालावरून कधी फिरवला नव्हता.

"आलीस बाळा...? किती वाट बघायला लावलीस." मग दाराकडे नजर टाकून आईने सहज विचारलं, "आणि ताई कुठे राहिली?"

मीच ताई, एवढंच सांगायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण आईचा हात अजून गालावर होता, उबदार.

"येईल ती मागून," ताई म्हणाली.

"येऊ दे सावकाश," आई म्हणाली. तिने ताईचं ताट उचललं, फडताळात मागे सरकवून ठेवलं, आणि चिऊचं ताट काढून मांडलं.