कुंपणाबाहेरचे पांढरे गोटे

"टोपलीचं लाकूड बडवतायत. खिडकी लाव."

आईचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे.

ओंडका कुऱ्हाडीच्या पाठीने बडवला की टोपली विणायच्या पट्ट्या सुटतात. आमच्या मिगमाक आदिवासींच्या वस्तीत हा आवाज घरोघरचा. ठक्... ठक्...

आई मात्र तो ऐकला की खिडकी लावायची. का, ते कधी बोलली नाही.

आता मीही लावते.

पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. कुणाला खोटं वाटलं तर वाटो.

आई गेली त्या वर्षीचा ऑक्टोबर. कॅनडातल्या केप ब्रेटनच्या आमच्या खाडीवर धुकं उतरलेलं. टेकाडावर आमचं जुनं कब्रस्तान, ओंजळीएवढं. वाकलेले लाकडी क्रूस, पावसानं पुसलेली नावं. त्याला वारसास्थळाचा मान मिळायचा होता. मिळाला की कुंपणाच्या आतली माती कायमची सुखरूप. बाहेरच्या मातीवरून बंगल्यांचा रस्ता जाणार होता.

वारसा समितीची बाई शुक्रवारी मोजणीला येणार होती.

बुधवारी सकाळी, कुंपणाबाहेर, रानसफरचंदाखाली... गोटे दिसले.

खाडीकाठचे पांढरे गोटे. थडग्याभोवती मांडतात तसे गोल मांडलेले. पण घेर जेमतेम हातभर लांब.

मी एक उचलला.

कोमट होता... जणू आत्ताच कुणीतरी मुठीतून खाली ठेवला होता.

पहिला संशय मावसभाव लेवीवर. बंगल्यांचा रस्ता अडवायला तो काहीही करेल.

"लेव्या, खोटी थडगी मांडतोस? बाईला कळलं तर आपला अख्खा अर्ज फेटाळतील!"

"मी? एवढ्या सकाळी मला उठलेलं पाहिलंयस कधी?" तो हसला. मग डोळे बारीक करून म्हणाला, "तूच नाहीस ना मांडलेस?"

मी गोटे पाटीत भरले आणि खाडीत फेकले.

त्याची आई, मालियान मावशी, पीठ मळत होती. गोटे सापडले, फेकले, एवढंच तिला सांगितलं. तिचे हात थांबले.

"फेकलेस? सगळे?"

"हो."

"बरं केलंस."

गोटे कुठे होते, हे तिनं विचारलंच नाही.

गुरुवारी सकाळी झाडाखाली तीन घेर होते.

ते मी हलवले नाहीत. चोर पकडायचा म्हणून संध्याकाळी कुंपणाआड बसून राहिले. धुकं इतकं, की माझेच पाय मला दिसेनात.

आणि मग...

ठक्.

ठक्... ठक्...

सबातीस मामाच्या खोपटातून. मामा जाऊन कैक वर्षं झाली होती.

धावत जाऊन दार ढकललं. आवाज थांबला. कुऱ्हाड खुंटीला. तिच्यावर कोळ्याचं जाळं, एक धागाही न तुटलेलं.

ओंडका नव्हताच.

पण ती ठकठक थांबली तेव्हा कळलं, तिच्याआड आणखी एक आवाज होता. तोंडात शालीचं टोक कोंबून रडावं तसा... बाईचा.

माझ्या आईचा.

शुक्रवारी समितीची बाई आली. गोटे बघून तिच्या कपाळाला आठी पडली.

"हे नवीन दिसतंय. कुणी मांडलं?"

मी लेवीकडे बघितलं. लेवीनं माझ्याकडे.

ती मोजणीची फीत गुंडाळू लागली. "मग खोटी थडगी म्हणून मला कळवावं लागेल."

ठक्...

कुणी वळून पाहिलं नाही. फक्त मालियान मावशीनं खोपटाकडे मान फिरवली. मग ती पुढे झाली.

"फीत गुंडाळू नका, बाई. या झाडाखाली माझ्या बहिणीची पहिली पोर आहे. बाप्तिस्म्याआधीच गेली. फादरनी आत जागा दिली नाही. खड्डा मी चोरून खणला. बहिणीचं रडणं वस्तीत जाऊ नये म्हणून सबातीस तिकडे ओंडका बडवत होता. लेकरावर साधा गोटाही ठेवता आला नाही आम्हाला."

बाईनं फीत पुन्हा उलगडली. झाडाच्याही पलीकडे नेली.



"मावशी, बाकीचे दोन?"

तिनं वाकून एका गोट्याला हात लावला.

"गोटे मी नाही मांडले, पोरी. आणि खड्डा... मी एकच खणला होता."