हिमविरजण

खारथांगच्या प्रयोगशाळेत शिरणारा माणूस आधी नाकाला रुमाल लावायचा आणि मग नमस्कार करायचा. त्यात त्याची काही चूक नव्हती. काचेच्या भिंती होत्या, चकचकीत ओटे होते, पांढरे कोट होते, सगळा थाट होता. पण मधोमध उभ्या असलेल्या तीन टाक्यांत जे खदखदत होतं त्याचा वास कशानं झाकणार? तुंबलेली मोरी, कुजकी अंडी आणि वरून सांडलेलं फिनेल, असा तो वास होता. डॉ. केतकी दातीर बारा वर्षं त्या वासात काम करत होती आणि तिला अजून रोज सकाळी मळमळायचं. सवय होते, असं लोक म्हणतात. डोंबलाची सवय होते!

त्या सकाळी तिनं दोन नंबरच्या टाकीचं झाकण उघडलं, पळी बुडवली आणि करडा पिवळट चिकट गोळा अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून ताणला. पाकाची तार बघतात ना, तसंच. दोन तारा आल्या की माल तयार. तार मोजायचं यंत्र आणलेलं होतं, ते कायम चुकायचं; हातमोजा घातला की चिकटपणा कळायचा नाही. त्यामुळे तिथल्या चौघांचीही रीत एकच, उघड्या बोटांनी बघायचं आणि मग साबणानं तीनदा हात धुवायचे. केतकीनं हात धुतले, हुंगले आणि तोंड वाकडं केलं.

तेवढ्यात डॉ. मुजावर आले. मूळचे मिरजेचे, आता साठीच्या पुढचे, आणि हिमगाड्यांच्या वाटेच्या पायथ्याशी पर्यटन कंपनीचा छोटा दवाखाना चालवणारे. त्यांनी नाकाला रुमाल लावला नाही, म्हणजे काम गंभीर होतं. ओट्यावर त्यांनी तीन छायाचित्रं मांडली. महिनाभरात आलेले तीन वाटाडे. तिघांचे नाकाचे शेंडे आणि उजव्या हाताची बोटं काळी पडलेली. हिमदंश.

"बाई, तिन्ही वेळा पारा उणे तीनला होता," ते म्हणाले. "उणे तीनला असा हिमदंश होत नाही. कातडीतलं पाणी शून्याच्या खाली गेलं तरी लगेच गोठत नाही. उणे सात-आठपर्यंत ते तसंच पातळ राहू शकतं, कारण गोठायला कुणीतरी सुरुवात करून द्यावी लागते. आणि ती करून देणारं कातडीवर काही नसतं. अल्लाची मेहरबानी म्हणा."

केतकी बघतच राहिली. ती सुरुवात करून देणं हीच तर तिची बारा वर्षांची नोकरी होती.

दुधाचं दही आपोआप होत नाही, विरजण लावावं लागतं. पाण्याचंही तसंच आहे, असं ती नव्या लोकांना सांगायची. टाकीतल्या जिवाणूच्या अंगावर एक प्रथिन असतं. ते म्हणजे बर्फाचा साचा. पाण्याचे रेणू त्या साच्यात ओळीनं बसतात, एक ओळ बसली की बाकीच्या तिच्यामागे रांगेत येतात. साधं पाणी हवेत फवारलं तर उणे सहापर्यंत ते पाणीच राहतं आणि चिखल करतं. त्यात हे हिमविरजण घातलं की उणे दीडलाच भुरभुरीत बर्फ होऊन खाली पडतं. हिवाळे असे फुसके झालेले असताना खारथांगला चाळीस किलोमीटरची हिमगाड्यांची वाट टिकली होती, ती फक्त या चिकट गोळ्याच्या जोरावर.

"आणि याला तुम्ही खायला काय घालता?" मुजावरांनी विचारलं. विचारताना त्यांनी टाकीकडे बघायचं टाळलं.

तिनं सांगितलं. वरच्या अकरा हॉटेलांचे शौचकूप नळीनं थेट इथे जोडलेले होते. टाक्या सदतीस अंशांवर ठेवायच्या, तर माल चौपट वेगानं वाढतो. दर हंगामात सगळ्यांत जोमदार वाढलेलं विरजण बाजूला काढायचं आणि पुढच्या हंगामाला लावायचं. पहिल्या वर्षी तिनं या सगळ्याला लेखी विरोध केला होता आणि दुसऱ्या वर्षापासून निमूट पगार घेतला होता. वर लोक तो पांढराशुभ्र बर्फ मुठीनं तोंडात कोंबून फोटो काढायचे, तेव्हा ती खिडकीचा पडदा ओढायची. स्वतःची तिला जेवढी किळस यायची तेवढी त्या टाकीचीही येत नसे.

मुजावरांनी छायाचित्रातल्या काळ्या नाकावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "तिलक."

हिमतिलक ही कंपनीचे मालक पुष्कर रेगे यांची कल्पना. पाहुणा हिमगाडीवर बसला की वाटाड्यानं वाटेवरचा मूठभर बर्फ उचलायचा आणि त्याच्या कपाळाला, नाकाला, दोन्ही गालांना चोळायचा. टाळ्या, फोटो, जयघोष. मग ताशी पन्नासच्या वेगानं तीन तास वारा खायचा. शिरस्त्राणं उघड्या तोंडाची, कारण फोटोत चेहरे दिसायला हवेत.

"म्हणजे आपण माणसांच्या नाकाला विरजण लावतो आणि त्यांना थंडीत नेऊन ठेवतो," मुजावर म्हणाले. "वाटाड्यांची बोटं का गेली तेही कळलं, आणि त्याच बोटांनी ते नाक पुसतात. थू!"

एकच गोष्ट त्यांच्या मनात सलत होती. तिघांतला एक, नवांग वाटाड्याचा मेहुणा, वीस दिवस रजेवर खाली मंडीला होता. परत आला त्या दिवशी घराबाहेर नुसता उभा राहिला आणि त्याची बोटं पांढरी झाली. बर्फाला हातही लावला नव्हता म्हणे. केतकी म्हणाली, खोटं बोलत असेल, रजेत चोरून फेऱ्या मारत असेल. मुजावरांना ते पटलं नाही. पण वाद घालायला वेळ नव्हता, कारण दहा वाजताची तुकडी निघायच्या बेतात होती आणि त्या तुकडीत ऋजुता होती.

ऋजुता केतकीची मुलगी, बावीस वर्षांची. ती दहा वर्षांची असताना केतकी इकडे आली आणि पोर नाशिकला मावशीकडे वाढली. आईच्या कामाच्या जागी ती पहिल्यांदाच आली होती, परवा. आल्या आल्या आईनं जवळ घ्यायला हात पुढे केले आणि पोरीचं नाक आक्रसलं. मग जेवताना आपलं ताट तिनं हळूच पलीकडे सरकवलं. केतकीनं ते बघितलं आणि तेव्हापासून दोन्ही हात कोटाच्या खिशात ठेवले होते.

रेगे व्हरांड्यात अत्तर लावून उभे होते. केतकीनं त्यांना सगळं एका दमात सांगितलं आणि फेरी रद्द करा म्हणाली. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली, शेजारून जाणाऱ्या पाहुण्यांना हसून हात केला. बारा वर्षांत चाळीस हजार लोकांनी तिलक लावून घेतला, एकाची तक्रार नाही, असं त्यांचं म्हणणं. कशी येईल तक्रार? नाकाचं साल निघालं तर माणूस म्हणतो, उन्हानं भाजलं.

"तिलक बंद करतो, मॅडम. फेरी बंद होणार नाही," रेगे म्हणाले. "आणि एक विनंती. शौचकूप हा शब्द पाहुण्यांसमोर काढत जाऊ नका. बरं नाही वाटत."

त्यांच्या स्वच्छ, सरळ दातांचीच केतकीला किळस आली. टाकीतला चिकटा निदान आपण कोण आहोत हे वासानं सांगत तरी होता.

मग तिनं तिच्या हातात होतं तेवढं केलं. सगळ्या पाहुण्यांना गरम पाण्यानं तोंड धुवायला लावलं. वाटाड्यांना ताकीद दिली, कुणाच्या चेहऱ्याला हात लावायचा नाही. ऋजुताची गाडी सगळ्यांत पुढे लावली, म्हणजे पुढच्या गाडीनं उडवलेला भुगा तिच्या तोंडावर यायला नको. चालवणार ऋजुता, मागे बसणार नवांग. पोरीला फेरीला जाऊच नको म्हणून बघितलं, पण तिनं मुळी ऐकलं नाही. बारा वर्षं आई ज्या वाटेपायी घरी आली नाही, ती वाट बघायलाच ती आली होती.

नवांग तिला वाट समजावत होता. साडेदहापर्यंत बर्फ फरशीसारखा कडक असतो, तिथे वेग धरायचा पण वळणावर अंग आतल्या बाजूला टाकायचं. अकरानंतर वरचा थर मऊ पडतो, त्याची लापशी होते. लापशीत थांबायचं नाही. थांबलं की गाडी रुतलीच. वजन मागे घ्यायचं आणि एका लयीत जात राहायचं. वाटेवर करडी चकाकी दिसली तर तिथे खाली पाणी आहे, कडेनं जायचं. आणि फवारा पोचत नाही तिथे दगड उघडे पडलेत, तिथे उतरून गाडी ढकलावी लागली तरी लाज बाळगायची नाही. ऋजुता मन लावून ऐकत होती आणि मधेच नेमका प्रश्न विचारत होती. केतकीला पोरीचा अभिमान वाटला, आणि आपला तिच्यावर हक्क किती, हेही आठवलं.

निघायच्या आधी ऋजुता शिरस्त्राण काखेत धरून आईसमोर येऊन उभी राहिली. खिशातल्या हातांकडे बघत म्हणाली, "मावशी म्हणायची, तुझी आई हातांच्या वासामुळे कुणाच्या जवळ जात नाही. मला वाटायचं, बहाणा आहे." मग तिनं स्वतःच आईचे हात खिशातून ओढून काढले आणि आपल्या गालांवर ठेवले. "येतो गं वास. असू दे."

केतकीनं तो चेहरा धरून ठेवला. अंगठे डोळ्यांखाली, बोटं कानांपर्यंत. पोर दहा वर्षांची असताना तिनं असं धरलं होतं, त्यानंतर आज. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं आणि ते पुसायलाही तिनं हात काढला नाही. मागून गाड्या घरघरायला लागल्या तेव्हा ऋजुता हसून निघून गेली.

दीड वाजता तुकडी परतली. खिंडीत पारा उणे चारला होता, असं नवांगनं सांगितलं. मुजावर दारातच उभे राहून एकेकाचा चेहरा बघत होते. लाल गाल, लाल नाकं, वाहती नाकं, सगळं ठीकठाक. केतकीनं सुटकेचा श्वास सोडला. तिलकाचंच काम होतं तर.

ऋजुता सगळ्यांत शेवटी आत आली, नवांगबरोबर गाडी लावून. ती अखंड बोलत होती. लापशीत आपण एकदाही थांबलो नाही, दगडांपाशी दोघांनी मिळून गाडी ढकलली, मजा आली. गालांना काही होतंय असं तिच्या गावीही नव्हतं. मुजावरांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि चेहरा उजेडाकडे वळवला.

दोन्ही डोळ्यांखाली मेणासारखे पांढरे, टणक गोल डाग होते. आणि त्या डागांपासून कानांकडे गेलेले चार-चार पट्टे. मधली कातडी टवटवीत, लालबुंद. मुजावरांनी आपला पंजा तिच्या गालासमोर, न लावता, धरून बघितला. तो मोठा पडत होता. मग त्यांनी केतकीच्या हातांकडे बघितलं.

नवांगचा मेहुणा खोटं बोलत नव्हता. माणसांच्या घाणीवर पोसलं, माणसाच्या अंगाइतक्या उबेत ठेवलं, दर हंगामात त्यातलं सगळ्यांत चिवट तेवढं निवडलं. बारा वर्षांत ते माणसावर राहायला शिकलं नाही तरच नवल. आणि विरजण संपत नसतं. कणभर उरलं तरी पुन्हा लागतं. साबणानं ती तीनदा हात धुवायची, पण ते वर चिकटलेलं नव्हतंच, कातडीत घर करून बसलं होतं. आज सकाळी तिनं सगळ्यांची तोंडं धुवून घेतली, सगळ्यांचे हात बांधले, फक्त आपले सोडून. चाळीस हजार गाल हे घेऊन केव्हाच आपापल्या गावी गेले होते. तिथे गोठवणारी थंडीच नाही, तर कुणाला कळणार? त्यांनी पोरंबाळं जवळ घेतली असतील, गालगुच्चे घेतले असतील. रेग्यांची किळस, टाकीची किळस, सगळं मागे पडलं. आपल्या खांद्यांपासून खाली लोंबणारे हे दोन हात कुणीतरी तोडून न्यावेत असं केतकीला वाटलं.

मुजावर गरम पाण्याच्या घड्या गालांवर ठेवत होते. डाग राहतील का, असं ऋजुतानं विचारलं. थोडे राहतील, असं ते म्हणाले, आणि कशाचे आहेत ते बोलले नाहीत. हळूहळू गोठलेल्या कातडीत रक्त परतायला लागलं आणि त्याबरोबर वेदना. पोरीचं हसू गेलं. तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला, डोळे मिटले आणि दुसरा हात बाजूला चाचपडत पुढे केला.

"आई, फार दुखतंय. हात दे ना."

केतकी तिच्या अगदी शेजारी उभी होती. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एक पाऊल मागे सरकली.